पाठीनं पाहिलेलं प्रदर्शन

संपादकांचं पत्र आलं, ‘तीस वर्षं पोलिसात काढलीत, तेव्हा आमच्या दिवाळी अंकासाठी एखादी चित्तथरारक हकीकत येऊ द्या.’ मी ते मोठ्यानं वाचलं तर आमची मंडळी चुलीपुढून म्हणाली, “थरारक कायचं आलं? घरात पाल निंगाली त मले हाका मारता तुमी.” आता बोला! पण तिचं खोटं नाही. माझी निम्मी नोकरी पायी चालण्यात गेली आणि निम्मी वहीत लिहिण्यात. खून दोन पाहिले. दोन्ही खेपेला खुनी स्वतःच येऊन ठाण्याच्या ओट्यावर बसला होता आणि प्यायला पाणी मागत होता. तेव्हा थरार माझ्याजवळ नाही. एक प्रदर्शन मात्र आहे. त्यात चोरी आहे, तपास आहे, मुद्देमाल आहे आणि एक खोटी जबानी आहे. ती जबानी माझी.

दुसऱ्या लढाईच्या बऱ्याच आधीची गोष्ट. मी तेव्हा कारंज्याला जमादार होतो. आमच्या वऱ्हाडात हेड कॉन्स्टेबलला जमादार म्हणतात आणि ठाण्याच्या साहेबाला ठाणेदार. त्या साली कापूस बरा पिकला होता, भावही बरा होता, म्हणून गावातल्या शेठ लोकांनी आणि वकिलांनी मिळून संक्रांतीच्या सुमाराला तीन आठवड्यांचं मोठं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. कमिटीचे सेक्रेटरी एक वकील होते. त्यांच्याजवळ विलायतेतल्या आणि अमेरिकेतल्या जागतिक प्रदर्शनांची चित्रं असलेलं जाडजूड पुस्तक होतं. ते दाखवून ते ज्याला त्याला सांगत, “आपलंही असंच. फक्त जरा लहान.”

जरा लहान म्हणजे गावाबाहेरच्या पडीक जागेत ठोकलेले बारा-पंधरा मांडव. पण खोटं कशाला बोलू, आमच्या मुलखानं तोवर तसलं काही पाहिलं नव्हतं. तेलावर चालणारं इंजिन होतं, त्या इंजिनावर पेटणारे विजेचे दिवे होते, पाणी उपसणारा पंप होता, बोलणारी पेटी होती. वेडेवाकडे आरसे लावलेला एक तंबू होता. कापसाच्या जाती, ज्वारीची कणसं, बायकांचं भरतकाम, आणि एका मांडवात जुन्या घराण्यांतल्या किमती वस्तू मांडल्या होत्या. मालेगाव, मंगरूळ, इंझोरी, कुठून कुठून बैलगाड्या लोटल्या.

त्या पुस्तकात सेक्रेटरींनी आणखी एक गोष्ट वाचली होती, आणि तिथूनच सगळं बिघडलं. जगात जिथं जिथं असं प्रदर्शन भरतं, तिथं म्हणे दुनियेचे चोर, भामटे गोळा होतात. अमेरिकेतल्या एका शहरात तर प्रदर्शनाला आलेले पाहुणे एका खाणावळीत उतरले ते परत दिसलेच नाहीत. ही गोष्ट त्यांनी कमिटीच्या सभेत सांगितली. दोन दिवसांत ती गावभर झाली, आणि आमच्या बाजारातल्या गरीब खाणावळवाल्याकडे खेड्यातली माणसं जेवायला जाईनात. तो रडकुंडीला येऊन ठाण्यात आला. “जमादार, माया खानावळीत आजलोक माश्यायबिगर कोनी मेलं नाई, तुमी दवंडी द्या.” आम्ही हसून हसून बेजार झालो.

पण सेक्रेटरी काही हसत नव्हते. त्यांनी ठाणेदारांना लेखी दिलं, की प्रदर्शनाच्या काळात गावाचा बंदोबस्त चोख पाहिजे. आणि बंदोबस्त म्हटलं की आमच्या खात्याला एकच गोष्ट सुचायची, ती म्हणजे पारधी.

नाल्यापलीकडे पारध्यांची पालं होती. त्याला आमच्याकडे बेडा म्हणतात. आजच्या पोरांना सांगितलं तर पटणार नाही, पण त्या वेळच्या कायद्यानं ही जातच्या जात जन्माला येतानाच गुन्हेगार ठरवलेली होती. बाप्या माणसानं रोज पोलिसाकडे हजेरी द्यायची, वहीत अंगठा उठवायचा, परवानगीशिवाय गावाची शीव ओलांडायची नाही. गैरहजर राहिला तर चोरी करो न करो, तुरुंग. ठाणेदारांनी हुकूम काढला, की प्रदर्शन संपेपर्यंत बेड्यातले सगळे अकरा बाप्ये दिवसभर कोंडवाड्यात बसवायचे. कोंडवाडा म्हणजे मोकाट गुरं कोंडायची जागा. हजेरी सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी, तीनदा. हजेरी घेणार मी. आणि वर प्रदर्शनाच्या दारावर ड्यूटी, तीही माझीच.

माझे दोन पाय, आणि कोंडवाडा गावाच्या एका टोकाला तर प्रदर्शन दुसऱ्या. मग मी काय करायचो? सकाळीच तिन्ही रकान्यांत अंगठे घेऊन टाकायचो. सकाळचा, दुपारचा आणि संध्याकाळचा. ही युक्ती माझ्या डोक्यातली नव्हती. माझ्या आधीच्या जमादारानं चार्ज देताना वही, शिसपेन्सिल आणि ही युक्ती अशा तिन्ही गोष्टी माझ्या हवाली केल्या होत्या. दुपारी जमेल तेव्हा एक चक्कर मारून डोकी मोजायची. दारावर एक म्हातारा चौकीदार असायचा. तो बसल्या जागी झोपायचा, पण अकराच्या अकरा जागेवर असायचे. जाणार कुठे?

आता थोडं आमच्या धंद्याचं सांगतो. गर्दीत खिसेकापू कसा धरतात, असं मला नातवंडंही विचारतात. अगदी सोपं आहे. गर्दीतला प्रत्येक माणूस तमाशा पाहत असतो. इंजिन सुरू झालं की सगळ्यांच्या माना वर आणि तोंडं उघडी. ज्याची नजर त्या वेळी खाली, लोकांच्या कमरेकडे, तो आपला माणूस. ते तिघं मिळून येतात. एक धक्का देतो, दुसरा काढतो, तिसरा माल घेऊन चालू लागतो. धक्का देणाऱ्याच्या मागे लागलात तर हात हलवत परत याल. धरायचा तो तिसरा, कारण एवढ्या गर्दीत शांतपणे बाहेर निघालेला तो एकटाच असतो. पण हे दिसायला तुम्ही तमाशाकडे पाठ करून उभं राहायला हवं. मी तीन आठवडे तसाच उभा होतो. इंजिन मी कानानं ऐकलं, दिवे जमिनीवरच्या उजेडात पाहिले. सगळं गाव प्रदर्शन पाहून आलं, मी फक्त गावाची तोंडं पाहिली.

त्या तीन आठवड्यांत मी दोन टोळ्या धरल्या, हे अभिमानानं सांगतो. एका टोळीतला तिसरा माणूस तर छातीवर स्वयंसेवकाचा बिल्ला लावून फिरत होता आणि म्हाताऱ्या माणसांना हाताला धरून रस्ता दाखवत होता. कमिटीनंच दिलेला बिल्ला! सेक्रेटरींचं तोंड त्या दिवशी पाहण्यासारखं झालं होतं. पण कोंडवाड्यातल्या पारध्यांना सोडा, असं काही ते म्हणाले नाहीत.

बाकी गिऱ्हाइकं एकेक अशी यायची की काय सांगू. एक बाई रडत आली, “मालक हरवले.” नाव काय? नाव घेईना. बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, आणि पुकारा करायचा तर नाव हवं. मी एकेक नाव विचारत गेलो आणि ती मान हलवत गेली. अर्ध्या तासानं नागोरावावर गाडी थांबली. नागोराव सापडले इंजिनापुढे. सकाळपासून तिथंच उभे. बायको हरवली होती याची त्यांना खबरच नव्हती. आणखी एक इंझोरीचा कास्तकार तणतणत आला. “जमादार, थ्या आरशावाल्यावर केस करा. बायकोले दाखवाले नेलं, त ते मले पाहून हासाले लागली, ते अजून थांबली नाई.” मी म्हटलं, “बावा, हे कलम आमच्या पुस्तकात नाही.” तो म्हणाला, “मंग पुस्तक कायले ठेवता?” त्याचं बरोबरच होतं.

आता उकंड्याकडे येतो.

उकंडा पारधी चाळिशीचा, काटकुळा, कमी बोलणारा. मूल जगत नाही म्हणून आईबापांनी उकिरड्यावर ठेवून उचललं, म्हणून नाव उकंडा. तित्तर-लावे धरण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नव्हतं. दुपारी मी डोकी मोजायला गेलो की बाकीचे दहा मान फिरवायचे. त्यांचं काय चुकलं? हा मात्र विचारायचा, “जमादार, आज काय पायलं परदर्शनात?” मी म्हणायचो, “अरे, मी पाठमोरा असतो.” त्याला ते खरंच वाटेना. एवढं जवळ उभं राहून माणूस मान वळवत नाही?

एक दिवस मी त्याला सांगितलं, की जंगल खात्याच्या मांडवात पाखरं धरायचे फासेही मांडलेत म्हणे. मातीचा वाफा केलाय, गवत रोवलंय, भुसा भरलेला तित्तर ठेवलाय आणि पुढं फाशांची ओळ. पाटी लावलीय, ‘रानपाखरे धरण्याची साधने’.

उकंडा ताठ बसला. “घोड्याच्या केसाचे? बांबूच्या खुट्याईले लाल दोरा?”

मी म्हटलं, “तसंच काहीसं.”

“माहे फासे व्हयेत थे. माह्या बुढ्यानं केलेले. मांगच्या पान्यात गारडानं हिसकून नेले.” पावसाळ्यात जंगलच्या गार्डानं जप्त केलेले फासे, तेच त्यानं आपल्या मांडवात सजवले होते. मग उकंड्यानं विचारलं, “पाखरू कोन्या अंगानं येऊन राह्यलं?”

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम कामातून मान वळवून तेवढं पाहून आलो. म्हटलं, “तित्तर डावीकडून येतोय.”

“अन् फासाईचं तोंड?”

“पाहणाऱ्यांकडे. लोकांना नीट दिसावं म्हणून असेल.”

उकंडा हसला. “मंग मानसं धराले लावले काय?”

बाकीचे दहाही हसले. पण उकंड्याचं हसू लवकर संपलं. त्याच्या बापाची कारागिरी सगळ्या मुलखापुढं उलटी मांडली होती, आणि हजारो माणसं पाहून पुढं जात होती. मी जंगलच्या गार्डाला बोलून पाहिलं. तो म्हणाला, “जमादार, तुमी चोर धरा, तित्तर मी धरतो.” झालं, मामला खलास. पुढं चार दिवस मी कोंडवाड्यात गेलो की उकंडा एकच वाक्य बोलायचा. “जमादार, लोकं म्हनत असतीन, यायले फासे बी लावता येत नाईत.” विनवणी करत नव्हता. गाऱ्हाणंही नव्हतं ते. पण त्याच्या डोळ्याला डोळा देणं मला जड जायला लागलं.

पाचव्या दिवशी मी विरघळलो. घरून माझा जुना सदरा आणि टोपी नेली. सकाळी तिन्ही अंगठे घेतलेच होते. जेवणवेळ टळल्यावर चौकीदार घोरत होता तेव्हा उकंड्याला म्हटलं, “हे घाल. जाय, पाहून ये. जिनिंग कारखान्याचा तीनचा भोंगा वाजला की इथं पाहिजे.” तो म्हणाला, “भोंग्याले येतो.” एवढंच.

मी प्रदर्शनाच्या दाराच्या आतल्या अंगाला, इंजिनाकडे पाठ करून उभा होतो. माझाच सदरा माझ्यापुढून आत गेला, माझ्याकडे न बघता. थोडं पुढं जाऊन तो थांबला. इंजिन सुरू झालं असावं, कारण त्याची मान वर गेली आणि तोंड लहान लेकरासारखं झालं. दिवा पाहिला त्यानं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मग तो गर्दीत मिसळला आणि मी माझ्या कामाला लागलो.

अडीचच्या सुमाराला जुन्या वस्तूंच्या मांडवातून ओरडा आला, “अत्तरदाणी गेली!” गावातल्या एका बड्या जैन शेठजींनी घरातली पिढीजात चांदीची अत्तरदाणी तिथं काचेच्या कपाटात ठेवायला दिली होती. कपाट बंद, कुलूप शाबूत, अत्तरदाणी नाही. ठाणेदार धावत आले, सेक्रेटरी त्यांच्या मागे. शेजारचाच मांडव जंगल खात्याचा. तिथला गार्ड पुढं होऊन म्हणाला, “साहेब, माह्या टेबलालेबी कोनीतरी हात लावला. हे फासे मी असे लावले नवते.”

मी वाकून पाहिलं. ओळीतला प्रत्येक फास फिरवलेला होता. खुट्या एका अंगाला किंचित कललेल्या, केसाची कडी जमिनीपासून बोटभर वर, प्रत्येकीचं तोंड डावीकडे, तित्तराकडे. इतकं नेमकं की भुसा भरलेला तो पक्षीसुद्धा आता अडकेल असं वाटत होतं. त्या मेल्या उकंड्याला काय फक्त पाहून येता येत नव्हतं? पण नाही. बापाचे फासे उलटे दिसले आणि हात गेला. कुठला चोर चोरीच्या जागी अशी सही करून जातो?

ठाणेदार हुशार होते. माझ्याकडे वळून म्हणाले, “असे फासे कोण लावू शकतं, जमादार? आणि कुलूप न तोडता कपाट कोण उघडतं? चला, कोंडवाडा पाहू.”

त्या वाटेनं मी हजारदा गेलो असेन, पण इतकी लांब ती कधीच नव्हती. आत दहाच माणसं होती. ठाणेदारांनी दोनदा मोजली. मग वही मागितली. वहीत त्या दिवसाच्या संध्याकाळच्या रकान्यात अकरा अंगठे होते, आणि अजून तीनही वाजले नव्हते. त्यांनी वही मिटली आणि मला भिंतीकडे घेऊन गेले. आवाज न चढवता म्हणाले, “अंगठ्यांचं मी पाहिलं नाही असं समजतो. पण एक सांगा. तो पळाला, की तुम्ही सोडला? पळाला असेल तर तुरुंगात तो जाईल. सोडला असेल तर तुमची नोकरी जाईल.”

तेवढ्यात भोंगा झाला.

भोंग्याचा आवाज विरायच्या आत उकंडा कोंडवाड्याच्या दारात येऊन उभा राहिला. माझी टोपी, माझा सदरा, धापा टाकत. वेळ पाळायला तो पळत आला होता. आम्हाला पाहून तो जागीच थांबला. पळालेला माणूस भोंगा ऐकून परत येत नसतो. हे मला कळत होतं, ठाणेदारांना कळत होतं, झोपेतून उठलेल्या त्या चौकीदारालासुद्धा कळलं असेल.

घरी पाच पोरं, थकलेली आई, पेन्शनला आठ वर्षं बाकी. हे सगळं मी नंतर मनाला सांगितलेलं आहे. त्या क्षणी यातलं काही आठवलं नाही. मी नुसता घाबरलो होतो. म्हणालो, “पळाला साहेब.”

“आणि अंगावरचा सदरा?”

“माझा आहे. घरून चोरलेला दिसतो.”

म्हणजे माझ्याच सदऱ्याचा मी फिर्यादी झालो. कागदावर सही केली. दुसऱ्याच दिवशी उकंड्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभं केलं. अत्तरदाणी त्याच्याजवळ सापडली नव्हती, तेव्हा तो तपास चालूच राहिला. पण कोंडवाड्यातून पळणं आणि सदरा चोरणं एवढं पुरेसं होतं. मॅजिस्ट्रेटनं विचारलं, “जमादारानं तुला सोडलं होतं का?” मी खाली पाहत होतो. रोज लोकांची तोंडं वाचणारा मी, त्या वेळी एका माणसाचं तोंड पाहू शकलो नाही. उकंडा म्हणाला, “नाई साहेब. मीच पयालो.” तीन महिने सक्तमजुरी झाली. त्याच दिवशी त्याला अकोल्याच्या जेलात पाठवलं.

चार दिवसांनी शेठजी स्वतः ठाण्यात आले. हातात तिळगुळाचा डबा. चेहरा पडलेला. अत्तरदाणी सापडली होती. म्हणजे ती हरवलीच नव्हती. त्यांच्या घरी त्या दिवशी हळदीकुंकू होतं. त्यांच्या आईनं मुनीमजींना किल्ली देऊन पाठवलं, “अत्तरदाणीबिगर बायकांले काय तोंड दाखवू?” मुनीमजींनी कपाट उघडलं, वस्तू काढली, कुलूप लावलं आणि रीतसर घरी गेले. संध्याकाळी त्यांना परगावी जायचं होतं. त्यांनी कोणाला सांगितलं नाही, आणि म्हातारीला धक्का नको म्हणून चोरीची खबर घरच्यांनी तिच्या कानावर येऊ दिली नव्हती. शेठजी हात जोडून म्हणाले, “जमादार, लय चुकलं. थ्या मानसाले सोडवा.” शेठजी सज्जन होते. ते सेक्रेटरींकडे गेले, ठाणेदारांकडे गेले. ठाणेदार म्हणाले, “चोरी कागदावरून काढून टाकतो. पण पळाला तो पळालाच.”

ठाणेदारांच्या खोलीत त्या वेळी शेठजी, ठाणेदार आणि तिसरा मी होतो. तेव्हा तोंड उघडलं असतं तर उकंडा सुटला असता. मला लाज वाटली. पण तोंड मी उघडलं नाही. आधी खोटं बोललो ते भीतीनं, असं तरी म्हणता येतं. नंतर गप्प राहिलो त्याला काय म्हणायचं, ते अजून ठरत नाही.

शेवटच्या दिवशी, मांडव उतरवायला लागले तेव्हा, मी पहिल्यांदाच कामाशिवाय, तोंड वळवून सगळ्या प्रदर्शनात हिंडलो. इंजिन बंद होतं, दिवे काढले होते. आरशाच्या तंबूत एक आरसा उरला होता, त्यात मी लांबोडका दिसलो, पण हसू आलं नाही. जंगल खात्याच्या टेबलापुढं गेलो. गार्डानं फासे पुन्हा फिरवून ठेवले होते. सगळी तोंडं पाहणाऱ्याकडे. माझ्याकडे.

तीन महिने संपले. उन्हाळा ऐन भरात होता. एका सकाळी मी बेड्यावर हजेरीला गेलो तर ओळीत उकंडा उभा. आणखी वाळलेला, केस कापलेले. कोर्टानं मला मुद्देमाल म्हणून परत दिलेला तो सदरा मी घरी नुसता पेटीत ठेवला होता. बायकोनं विचारलं तरी घालत नव्हतो. सुटकेची तारीख ठाऊक होती, म्हणून तो मी त्या दिवशी मुद्दाम पिशवीत नेला होता. उकंड्याला बाजूला घेऊन पुढं केला. म्हटलं, “हा ठेव.”

“नाई बावा,” तो म्हणाला, “चोरीचा हाय थो.” आणि हसला. खरंच हसला. त्यात टोचणं नव्हतं, म्हणून ते जास्त लागलं.

मी म्हटलं, “उकंडा, तू कोर्टात माझं नाव काहून नाही घेतलंस?”

“घेऊन काय व्हते? दोघंबी गेलो असतो. तुमची नौकरी गेली असती अन् मंग दुसरा जमादार आला असता. एकानं भर धुपात तीन-तीन घंटे उभं ठेवलं व्हतं आमाले. तुमी तसे नाई.” त्यानं हिशेब सरळ सांगितला. माझ्यावरच्या प्रेमानं तो तुरुंगात गेला नव्हता. दहा माणसांना उन्हात उभं राहावं लागू नये म्हणून गेला होता.

मग इकडंतिकडं पाहून त्यानं आवाज खाली केला. जेलात तीन महिने हाच प्रश्न घेऊन तो बसला असणार, हे त्याच्या तोंडावर मला स्पष्ट दिसत होतं. “जमादार, थे फासे तसेच व्हते ना? आखरीलोक?”

“हो,” मी म्हणालो. “तू लावले तसेच होते. शेवटच्या दिवशी मी स्वतः पाहिले. लोक उभं राहून पाहत होते.”

“डाव्या अंगाले तोंड?”

“डाव्या अंगाला.”

“मंग ठीक हाय,” उकंडा म्हणाला. त्याची मान किंचित वर झाली, इंजिनापुढं झाली होती तशी.

मी वही उघडली. त्यानं सवयीनं सकाळच्या रकान्यात अंगठा उठवला आणि दुपारच्या रकान्याकडे हात नेला. मी वही मिटली. म्हटलं, “दुपारी मी येतो.”